पाळणाघराची जागा

मुळशी तालुक्यातल्या माण गावात पाळणाघर काढणाऱ्याला सगळ्यात आधी जागेची हद्द तपासावी लागते. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्याची बरीचशी जमीन माणचीच. ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे गेली आणि तिथे बांधकामाचे व वापराचे नियम एमआयडीसीचे चालतात. त्या हद्दीबाहेरची शेते, गृहप्रकल्प आणि वस्त्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या अखत्यारीत येतात. घरपट्टी मात्र ग्रामपंचायत घेते. नव्या माणसाला ग्रामपंचायतीची पावती हीच परवानगी वाटते आणि पुढची बरीच गुंतागुंत तिथून सुरू होते. करपावतीने फक्त कर भरल्याचे सिद्ध होते. त्या जागेत काय चालवता येईल, हे ठरवण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाचा असतो.

या अधिकाराचे मूळ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात आहे. ‘विकास’ म्हणजे बांधकाम, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायद्याची व्याख्या त्याहून रुंद आहे. एकही वीट न हलवता इमारतीचा वापर लक्षणीय बदलला, तरी तो विकासच ठरतो आणि त्याला परवानगी लागते. दोन बेडरूमच्या सदनिकेत सकाळी आठपासून पंचवीस मुले येऊ लागली, तर भिंती त्याच राहतात, वापर तो राहत नाही.

कोणत्या जमिनीवर कोणता वापर चालेल हे आराखडा सांगतो. माण परिसरासाठी १९९७ साली मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना हा आजही आधार आहे. पीएमआरडीएची स्थापना २०१५ मध्ये झाली, या प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, पण तो २०२५ मध्ये शासनाने रद्द केला. मधल्या काळात इथे उंच इमारती उभ्या राहिल्या, माण-म्हाळुंगे नगररचना योजना हाती घेण्यात आली, आणि माणच्या मेगापोलिस चौकातून शिवाजीनगरकडे जाणारी २३.३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका आखली गेली. आयटी कंपन्यांच्या आधीच्या काळातली योजना आणि आयटीनंतरची वस्ती, असा हा जोड आहे. आराखडा जमिनीचा विभाग ठरवतो आणि त्या विभागात काय बसते ते नियमावली ठरवते. ही नियमावली म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलीत ‘यूडीसीपीआर’. मुंबई महापालिका, एमआयडीसी अशी काही क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर चालते. म्हणूनच हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत ही जुनी मागणी उद्या मान्य झाली, तरी पाळणाघरासाठीचा नियम तोच राहील. अर्ज द्यायचे कार्यालय तेवढे बदलेल.

नियमावलीत पाळणाघर शोधायला गेले की ते एका ठिकाणी सापडत नाही. त्याचे काही घरगुती व्यवसायासारखे असते, काही शाळेसारखे, आणि काही सोसायटीच्या सोयीसारखे. कोणत्या कप्प्यात ते पडते यावर जिना, रस्ता, अग्निसुरक्षा आणि भाडे सगळेच अवलंबून असते.

सगळ्यात छोटा प्रकार घरातला. निवासी विभागात ‘रूढ घरगुती व्यवसाय’ चालतो. घरातल्या माणसांनी, बाहेरचा नोकर न लावता करायचे काम, अशी त्याची व्याख्या आहे. उदाहरणादाखल शिवणकाम, भरतकाम, बटणे बनवणे ही कामे दिलेली आहेत आणि यंत्र लावलेच तर वीजभार एक अश्वशक्तीपर्यंत. ही यादी वाचताना घरात शिवणयंत्र असलेल्या एका जुन्या काळाची आठवण होते. मुले सांभाळणे हे काम यादीत नावाने येत नाही. तरी शेजारच्या दोन-तीन घरांतली मुले दुपारी सांभाळणारी आजी या व्याख्येच्या आत्म्याच्या जवळच आहे. तिने पगारावर एक मावशी ठेवली की ती व्याख्येबाहेर जाते. म्हणजे नियमाने रेघ ओढली ती नोकर ठेवण्यावर. मुले किती, याचा त्यात उल्लेख नाही. बाळांच्या दृष्टीने पाहिले तर हे उलटे आहे. सहा तान्ह्या मुलांमागे एकटी बाई असण्यापेक्षा दोन असणे केव्हाही बरे, पण दुसरी पगारावर आली की घरगुतीपणा संपतो.

दुसरा प्रकार शाळेचा. नर्सरी, प्लेस्कूल आणि डे केअर एकाच पाटीवर लिहिलेले असते, आणि शैक्षणिक वापर निवासी विभागात चालू शकतो. मात्र विभाग निवासी असला तरी समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर तो आर-१ की आर-२ या उपप्रकारात पडतो हे ठरते आणि चालणाऱ्या वापरांची यादी त्याप्रमाणे आखूड किंवा लांब होते. रस्त्याची अट कागदी वाटते, पण माणमध्ये तिचा अर्थ रोज सकाळी दिसतो. मूल सोडायला येणारी गाडी दोन मिनिटे थांबते, तिच्यामागे कंपनीची बस, बसमागे पाण्याचा टँकर. अरुंद रस्त्यावरचे पाळणाघर मुलांसाठी कितीही चांगले असले, तरी शेजाऱ्यांची तक्रार बहुधा याच दोन मिनिटांची असते.

याच कप्प्यात अग्निसुरक्षा येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शिक्षण किंवा खेळासाठी किमान २० मुले जमत असतील, तर इमारत शैक्षणिक गटात मोडते. त्याबरोबर बाहेर पडण्याचे मार्ग, जिन्याची रुंदी, विजेची जोडणी यांचे निकष बदलतात. आग प्रतिबंधाची साधने बसवणे आणि चालू ठेवणे ही जबाबदारी राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेली आहे. तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून पेटलेल्या आगीत ९४ मुले गेली. वर गवताचे छप्पर होते आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. पाळणाघरात हा धोका वेगळ्या रूपात असतो. पाच वर्षांचे मूल सांगितले तर जिना उतरते. आठ महिन्यांचे बाळ उचलूनच न्यावे लागते, आणि एका बाईला दोनच हात असतात. म्हणून तळमजल्याचा आग्रह धरला जातो. उंच इमारतींच्या वस्तीत तळमजला बहुधा पार्किंगचा असतो, आणि मंजूर नकाशातली पार्किंगची जागा भिंती घालून पाळणाघराला देता येत नाही.

तिसरा प्रकार सोसायटीचा, आणि माणसारख्या ठिकाणी खरा उपयोग त्याचाच आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाची आखणी करताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. या मोकळ्या जागेत मर्यादित बांधकाम चालते: एकूण १५ टक्क्यांपर्यंत, त्यातले तळमजल्यावर १० टक्क्यांहून जास्त नाही, आणि दोन मजल्यांहून उंच नाही. कशासाठी, तर व्यायामशाळा, क्लब हाउस, योगकेंद्र, वाचनालय, आणि त्याच यादीत पाळणाघर व बालवाडी. चार हेक्टरांचा प्रकल्प धरला तर मोकळी जागा ४,००० चौरस मीटर, त्यात बांधकाम ६०० चौरस मीटर, तळमजल्यावर ४००. एवढ्या जागेत एक उत्तम पाळणाघर सहज बसते. बाहेर बाग असते, गाड्या नसतात, आणि आईवडिलांना लिफ्टने खाली उतरले की पोचता येते. नियमावलीत पाळणाघराला मिळालेली ही सगळ्यात शहाणी जागा म्हणायला हरकत नाही. अडचण अशी की यादीत ते पर्याय म्हणून आहे. विकसक त्या ६०० चौरस मीटरांत काय बांधायचे ते स्वतः ठरवतो, आणि माहितीपत्रकात व्यायामशाळेचे छायाचित्र पाळणाघरापेक्षा जास्त उठून दिसते.

सक्तीची तरतूद आहे ती वेगळी आणि छोटी. किमान १०० सदनिकांच्या योजनेत व्यायामकेंद्र, पाळणाघर आणि पत्रपेट्यांसह सोसायटीचे कार्यालय यांसाठी सुमारे २० चौरस मीटर, आणि पुढच्या प्रत्येक ३०० सदनिकांमागे आणखी २० चौरस मीटर. या आकड्याजवळ थोडे थांबायला हवे. २० चौरस मीटर म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना दर मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट धरतात. त्या हिशेबाने त्या खोलीत १७ ते २१ मुले बसतील. कारखान्यांच्या पाळणाघरांसाठी जुन्या नियमांनी दर मुलामागे २० चौरस फूट मागितले होते. त्या हिशेबाने दहाच. आणि हे सगळे ती पूर्ण खोली पाळणाघराला मिळाली असे धरून. तिथे ट्रेडमिल आला किंवा सचिवांचे टेबल आले की हिशेब संपला. हजार सदनिकांच्या प्रकल्पात तरतूद ८० चौरस मीटरपर्यंत जाते, म्हणजे ८६० चौरस फूट. कारखान्याच्या मापाने ४३ मुले. हजार घरांत सहा वर्षांखालची मुले किती असतील, याचा अंदाज हिंजवडीत राहणाऱ्या कोणालाही बांधता येईल.

तान्ह्या बाळाला पाळणा लागतो, दूध गरम करायला ओटा लागतो, नॅपी बदलायला पाण्याजवळची जागा लागते, आणि झोपलेल्या मुलांना खेळणाऱ्या मुलांपासून वेगळे ठेवावे लागते. २१५ चौरस फुटांत यातले दोन नीट होते, चारही होत नाहीत.

मोकळ्या जागेतली इमारत त्या आखणीतल्या सर्व रहिवाशांच्या सामाईक उपभोगासाठी असते. यातून पुढचा वाद निघतो. पाळणाघर चालवायला बाहेरची संस्था आणायची का, तिच्याकडून भाडे घ्यायचे का, शेजारच्या प्रकल्पातल्या मुलांना घ्यायचे का? सर्वसाधारण सभेत हे प्रश्न निघाले की एक गट म्हणतो, सोय आपली आहे, बाहेरच्यांना कशाला. दुसरा गट म्हणतो, फक्त आपल्या मुलांवर संस्थेचा खर्च निघत नाही. दोघांचेही खरे असते. सदनिकेत पाळणाघर काढायचे असेल तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागतो, पण तो प्राधिकरणाच्या परवानगीची जागा घेत नाही. सोसायटीने होकार दिला म्हणून वापरबदल कायदेशीर ठरत नाही, आणि प्राधिकरणाने परवानगी दिली म्हणून सोसायटीचे उपविधी गप्प बसत नाहीत.

नगररचनेचे नियम पाळणाघर घराजवळ पाहतात; कामगार कायदे ते कामाजवळ पाहतात. कायद्यात पाळणाघर आले तेच मुळी कारखान्याच्या फाटकातून. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, ३० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केले. त्याखालच्या नियमांत जागेविषयी एक नेमके वाक्य होते: पाळणाघर आयांना सहज पोचता येईल असे असावे आणि धूर, धूळ, दुर्गंधी किंवा मोठा आवाज करणाऱ्या विभागाजवळ शक्यतो नसावे. कारखान्याच्या आवारातला हा छोटासा झोनिंग नियमच होता.

पुढे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची जबाबदारी दिली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याची मुभा दिली. कर्मचारी म्हणजे स्त्री-पुरुष दोन्ही, त्यामुळे हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्या त्यात आल्या. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवले तरी चालते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अशा सामाईक पाळणाघरासाठी एक किलोमीटरची त्रिज्या धरली आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१८ च्या सूचना ५०० मीटर म्हणतात.

चार भेटींचा हक्क आणि अंतर हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. दिवसातून चार वेळा जायचे आणि यायचे म्हणजे आठ फेऱ्या. ५०० मीटर चालायला साधारण सहा-सात मिनिटे लागतात. आठ फेऱ्यांची जवळजवळ पाऊण-एक तासाची चाल होते. एक किलोमीटर असेल तर त्याच्या दुप्पट. सायंकाळच्या कोंडीत गाडीने जाणे पायी जाण्यापेक्षा जलद ठरेलच असे नाही. एक किलोमीटर नकाशावर मापले जाते, आणि आयटी पार्कात आडवी येणारी कुंपणे, बंद फाटके व दुभाजक त्या मापात धरलेले नसतात.

कंपनीने आपल्याच आवारात पाळणाघर काढले तर प्रश्न एमआयडीसीचा होतो. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो आणि तो कशासाठी दिला हे करारात लिहिलेले असते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी इमारतीत ठेवलेली खोली ही मुख्य वापराला पूरक सोय मानता येते. तीच खोली बाहेरच्या ग्राहकांना खुली केली की तो व्यवसाय होतो, आणि व्यवसायासाठी व्यापारी वा सुविधा भूखंड वेगळे आखलेले असतात. एमआयडीसीच्या हद्दीत ‘यूडीसीपीआर’ चालत नाही. तिथे महामंडळाची २०२३ ची स्वतःची नियमावली आहे. त्यामुळे रस्त्यापलीकडच्या सोसायटीतल्या पाळणाघराचे उदाहरण देऊन इकडे परवानगी मागता येत नाही.

माणमध्ये मुलांचा आणखी एक गट आहे, आणि तो या सगळ्या इमारती बांधणाऱ्यांचा. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोल्या ठेवायला सांगितले. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘मोबाइल क्रेशेस’चे काम पुण्यातही पोचले, आणि ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ही संस्था इथल्या बांधकामांवर पाळणाघरे चालवत आली आहे. या पाळणाघराला विभाग नसतो, भूखंड नसतो. ते विकसकाच्या आवारात तात्पुरत्या बांधकामात बसते आणि इमारत पूर्ण झाली की मजुरांबरोबर पुढच्या साइटवर जाते. पत्र्याची खोली क्रेनच्या फिरण्याच्या कक्षेत नको, सिमेंटच्या गोदामाला लागून नको, पाण्याच्या टाकीजवळ नको, हे तिथले झोनिंग; ते नियमावलीतून येत नाही, अनुभवातून येते.

गावठाणातल्या घरांसाठी अंगणवाडी असते. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या या केंद्रात आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण मिळते, पण ते काही तासांपुरते. आईची शिफ्ट अंगणवाडीच्या वेळेत संपत नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. जागेच्या दृष्टीने ती सोपी, कारण जागा आधीच सार्वजनिक वापराची असते आणि वापरबदलाचा प्रश्न उद्भवत नाही. नगररचना योजनांतही शाळा, उद्यान यांसारख्या सार्वजनिक वापरांसाठी भूखंड आधीच बाजूला काढले जातात. पाळणाघरासाठी जागा आरक्षित करायची तर ती वेळ हीच असते. इमारती उभ्या राहिल्यावर तळमजला शोधत फिरण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

पाळणाघर वस्तीत हवे की नको, हा वाद इतर देशांतही झाला आणि तिथे तो प्रामुख्याने आवाजाचा होता. जर्मनीत शेजारी न्यायालयात गेले. शेवटी २०११ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला की मुलांच्या खेळण्याचा आवाज हा सर्वसाधारणपणे अपायकारक उपद्रव मानायचा नाही, आणि २०१३ मध्ये निव्वळ निवासी भागातही तिथल्या रहिवाशांच्या गरजेपुरत्या पाळणाघरांना वाट दिली. टोकियोने २०१५ मध्ये आपल्या ध्वनिनियमांतून लहान मुलांचे आवाज वगळले. कॅलिफोर्नियाने २०२० पासून १४ मुलांपर्यंतचे घरगुती पाळणाघर हा निवासी वापरच मानायचे ठरवले, म्हणजे स्थानिक प्रशासनाला त्यासाठी वेगळी झोनिंग परवानगी मागता येत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या २०२१ च्या बृहद् आराखड्याने निवासी भूखंडांवर चालणाऱ्या मिश्र वापरांत शाळापूर्व वर्ग आणि पाळणाघर नाव घेऊन घातले आहेत. या सगळ्यांनी संख्या किंवा नाव लिहून ठेवले, त्यामुळे अर्ज करणारी बाई आणि अर्ज तपासणारा अधिकारी यांना अर्थ लावत बसावे लागत नाही. ‘यूडीसीपीआर’मध्ये घरगुती पाळणाघरासाठी असा एक आकडा घातला, तर माणमधली निम्मी संदिग्धता संपेल.

आज अर्ज करायचा तर सुरुवात पीएमआरडीएच्या झोन दाखल्याने आणि भाग नकाशाने होते. त्यात गट क्रमांकाची जमीन निवासी, शेती की अन्य विभागात आहे ते कळते. शेतीची जमीन असेल तर महसूल कायद्याखाली अकृषिकतेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. इमारत तयार असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहायचे: त्यात ती जागा ‘निवास’, ‘दुकान’ की ‘सुविधा’ म्हणून दाखवली आहे, ते महत्त्वाचे. जागा दुकान म्हणून मंजूर असेल तर वाट सोपी असते, आणि बरीच डे केअर प्रकल्पांच्या रस्त्याकडेच्या दुकानांत दिसतात त्याचे एक कारण हे आहे. वापर बदलायचा असेल तर वास्तुविशारदामार्फत नकाशासह प्रस्ताव दाखल होतो आणि अग्निसुरक्षेची पूर्तता त्यासोबत दाखवावी लागते.

ही परवानगी मिळाली म्हणजे पाळणाघर चांगले, असे समजणे चुकीचे ठरेल. खारघरमध्ये २०१६ साली पाळणाघरातल्या दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यात दिसले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती देखरेखीची आणि माणसांची. नगररचना विभाग खोलीचे माप पाहतो, दरवाजे मोजतो. मावशीचे प्रशिक्षण त्याच्या तपासणीत येत नाही. ते काम महिला व बालविकास, शिक्षण आणि कामगार या विभागांमध्ये वाटलेले आहे.

परवानगीविना चालणाऱ्या पाळणाघराविरुद्ध तक्रार आली तर प्राधिकरण १९६६ च्या कायद्याच्या कलम ५३ खाली वापर थांबवण्याची नोटीस देऊ शकते. नोटीस मालकाला किंवा जागा वापरणाऱ्याला मिळते. मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करून वापर चालू ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि जागा मुळात योग्य विभागात, पुरेशा रुंद रस्त्यावर आणि तळमजल्यावर असेल तर ती मिळण्याची शक्यता बरी असते. पार्किंगमधल्या किंवा जिन्याखालच्या खोलीला ती मिळत नाही. पालकांना या नोटिशीची प्रत पाठवण्याची तरतूद कायद्यात नाही. म्हणून प्रवेश घेतानाच मंजूर वापराचा कागद मागून पाहणे हा त्यांच्या हातातला एकच उपाय उरतो.